चिमणीला रंग, कामगाराला चुना

चिमणी राखली की इतिहास राखला, असा मुंबईत एक सोयीचा समज आहे. गिरणी पाडायची, जमीन विकायची, दहा बाय बाराच्या खोल्यांसमोर साठ-साठ मजले चढवायचे आणि मधोमध विटांची एक चिमणी तेवढी उभी ठेवायची. तिला रंग द्यायचा, रात्री दिवे सोडायचे, पायथ्याशी कॉफीचं दुकान काढायचं. मग रविवारच्या पुरवणीत छापून येतं की गिरणगावानं कात टाकली. कात टाकल्यावर आतला प्राणी तोच राहतो, एवढं तरी लिहिणाऱ्याला ठाऊक असावं. इथे प्राणी हाकलून दिलाय आणि कात फ्रेम करून भिंतीवर लावलीय.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर; आई खानावळ चालवणारी. तेव्हा या विषयावर माझ्याकडून समतोल-बिमतोलाची अपेक्षा कोणी ठेवू नये. 'दोन्ही बाजू पाहायला हव्यात' म्हणणाऱ्यांनी आजवर एकच बाजू पाहिली आहे, आणि तीही विसाव्या मजल्यावरून. माझं म्हणणं साधं आहे. गिरणगावात जीव परत आला तो जमिनीच्या भावात; तिथल्या कामात नाही, तिथल्या माणसांच्या जगण्यात तर नाहीच. आणि हे काळाच्या ओघात वगैरे झालेलं नाही. नियमांत दुरुस्त्या करून, लिलाव पुकारून, सह्या-शिक्क्यांनिशी करण्यात आलेलं आहे.

ज्यांना गिरणगावचं अर्थकारण म्हणजे फक्त गिरणी आणि मालक वाटतं, त्यांच्यासाठी आधी आमच्या खोलीची गोष्ट. आई तिथे पंधरा-वीस जणांना जेवू घालायची. बहुतेक कोकणातले, दोन-तीन घाटावरचे. बायका-मुलं गावी, हे इथे गावकीच्या खोलीत. पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन. पहिली पाळी दुपारी सुटायची, दुसरी मध्यरात्री, रातपाळीवाले सकाळी डोळे चोळत यायचे. स्टो फारसा विझायचाच नाही. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली, तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे खाडे. गावी गेला, आजारी पडला, कुणाकडे सत्यनारायणाला जेवला, की खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून हिशेब. पगाराच्या दिवशी संध्याकाळी एकेक जण दारात यायचा. "वहिनी, माझं किती झालं?" पैसे मोजून द्यायचा आणि पान खायला जायचा. त्याच रात्री आई वाण्याची उधारी फेडायची, कोळणीचं राहिलेलं द्यायची, घासलेटवाल्याचे पैसे डब्यात वेगळे काढायची. वाण्याकडून ते पैसे त्याच्या हमालाकडे, कोळणीकडून तिच्या लेकाच्या शाळेकडे. एका साचेवाल्याचा पगार आठवड्याभरात सगळी आळी फिरून यायचा. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मी पुढे कॉलेजात शिकले. आईला ते पाठ होतं.

अशा खानावळी गिरणगावात गल्लोगल्ली होत्या आणि त्या बायका चालवत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना सावकाराच्या उंबऱ्यावरून उठवलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. या बायकांकडे तारण ठेवायला काय होतं? ना सातबारा, ना दागिने. होता तो रस्त्यापलीकडच्या गिरणीत महिन्याच्या महिन्याला होणारा पगार. त्या पगारावर अख्खा मुलूख उभा होता. आज कोणी 'महिला उद्योजकता' या विषयावर परळच्या पंचतारांकित हॉटेलात परिषद भरवतं तेव्हा मला हसू येतं. ते हॉटेल जिथे आहे त्या भागात एके काळी उद्योजक महिला दर मजल्यावर होती. तिला परिषदेची नाही, गिऱ्हाइकाची गरज होती, आणि गिऱ्हाईकच काढून घेतलं.

संस्कृतीचंही तेच. गिरणगावची संस्कृती म्हटलं की हल्ली ढोल-ताशा, नऊवारी, वडापाव एवढ्यावर काम भागतं. मी पाहिलेली संस्कृती पाळीच्या घड्याळावर चालायची. चाळीच्या नाटकाची तालीम रात्री बारानंतर, कारण नायक दुसऱ्या पाळीला. खलनायकाची त्या आठवड्यात रातपाळी असली तर त्याचे प्रवेश वगळून. भजनी मंडळाची पेटी वर्गणीतून, वर्गणी पगारातून. व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, जाखडी, नमन, दशावतार, सगळ्याला आधार तोच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच वस्त्यांत घुमलं. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिच्या आवारात १९२२ साली परळचं दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. घरून चालत जाता येईल आणि तिकीट परवडेल असं नाट्यगृह. या सगळ्याला कोणी 'कला-परिसर' असं नाव दिलं नव्हतं, कुणी प्रायोजक नव्हता. पाळी सुटल्यावर माणसाकडे थोडा वेळ उरत होता, खिशात थोडे पैसे उरत होते, आणि जवळ जागा होती. एवढ्यावर ते होत होतं.

ते गेलं कसं? याचं एक पाठांतर सगळ्या मुंबईला आहे: डॉ. दत्ता सामंतांनी १८ जानेवारी १९८२ ला संप केला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या मेल्या. खेळ खलास. हे ज्यांना सोयीचं आहे त्यांनीच ते पाठ करून घेतलं आहे. गिरण्यांत नवी यंत्रं घालायचं मालकांनी केव्हाच थांबवलं होतं. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच संघटनेला कामगारांच्या वतीनं बोलायचा हक्क दिला होता. कामगाराला ती पसंत असो वा नसो, करार तिचाच. त्या चिडीतून माणसं सामंतांकडे गेली. आणि देशात कापड विणायचं थांबलं का? भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत माग खडखडत राहिले, कमी मजुरीवर, संघटनेशिवाय. गिऱ्हाईक होतं, कापूस होता, धंदा होता. फक्त मुंबईतल्या गिरणीखालची जमीन वरच्या यंत्रापेक्षा महाग झाली होती. ही जमीन रक्तही पिऊ शकते, हे १९९४ साली खटाव मिलचे सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला तेव्हा शहराला कळलं. तीनच वर्षांत डॉ. सामंतही तसेच गेले.

आता सरकारी खात्यातला हिशेब बघा. संपानंतर, १९८३ मध्ये, केंद्रानं मुंबईतल्या तेरा आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आधीच्या होत्याच. २००५ साली या महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या आणि दोन हजार कोटींवर रक्कम उभी केली. कारण काय दिलं? या पैशातून उरलेल्या गिरण्या आधुनिक करू, कामगारांची देणी भागवू. ऐकायला किती छान! त्यांतली लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल मिल, सुमारे सतरा एकर, ७०२ कोटींना गेली. घेणाऱ्या डीएलएफच्या कंपनीनं तिथे काही मोठं उभारलं नाही. सात वर्षं जमीन धरून ठेवली आणि २०१२ साली लोढांना सुमारे २,७०० कोटींना विकली. एक वार कापड नाही, एक पाळी नाही, एकाला नोकरी नाही, आणि रक्कम जवळजवळ चौपट. ज्यांच्या घामानं ती जमीन गिरणीची झाली त्यांना या वाढीतला छदामही मिळाला नाही. आणि उरलेल्या 'आधुनिक' गिरण्या? टाटा मिल, पोदार, इंडिया युनायटेड नंबर पाच या २०२० पर्यंत चालू होत्या. होय, चालू. मुंबईतल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही. त्यांच्या लेखी गिरण्या १९८२ लाच संपल्या. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. देशभरातल्या बाजारपेठा उघडल्या, बार उघडले, मॉल उघडले. सरकारच्या मालकीच्या गिरणीचं फाटक तेवढं उघडायला कुणाला किल्ली सापडली नाही.

पण खरा हात मारला गेला तो त्याआधी, आणि तो कागदावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा एक नियम होता. गिरणीची जमीन मालकाला दुसऱ्या कामाला लावायची असेल तर ढोबळमानानं तिचे तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं आणि बागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं महामंडळाच्या गिरण्यांची सगळी जमीन एकत्र धरून आराखडा करा, असं सांगितलं: तुकड्या-तुकड्यानं विकू नका, रस्ते, मैदानं, घरं एका नकाशात बसवा. तो अहवाल मंत्रालयात कुठल्या कपाटात आहे ते त्या कपाटालाच ठाऊक. २००१ साली नियम दुरुस्त झाला. वाटे तीनच राहिले, फक्त ते 'मोकळ्या' जमिनीपुरते. आता गिरणी ज्यानं आतून पाहिली आहे त्याला विचारा, तिथे मोकळी जमीन किती असते? शेडला लागून शेड, गोदामाला लागून गोदाम. मोकळं असतं ते फाटकाजवळचं पटांगण. मैदान आणि म्हाडा यांनी त्या पटांगणात काय ते भागवून घ्यावं, असा तो निवाडा. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये शहराच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये तो फिरवला. न्यायालयाचा निर्णय मान्य करायचा असतो, मी करते. पण दुरुस्ती न्यायालयानं केलेली नव्हती. ती झाली तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि महापालिका शिवसेना-भाजपच्या ताब्यात होती. एरवी एका गटारावरून एकमेकांची गचांडी धरणारी ही मंडळी. या एका ओळीवरून त्यांच्यात साधं भांडणसुद्धा पेटलं नाही.

मराठी माणसाच्या नावानं गळा काढणाऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको, पण सांगते. दादरला शिवसेना भवनासमोर कोहिनूर मिल नंबर तीन होती. २००५ च्या त्याच लिलावात ती ४२१ कोटींना गेली. घेणाऱ्यांत मनोहर जोशी यांचे चिरंजीव होते आणि राज ठाकरे यांची कंपनीही होती. बेकायदा काही नव्हतं. लिलाव होता, बोली होती. मी एवढंच म्हणते की गिरणी कामगाराच्या पोराला भाषण ऐकायला शिवाजी पार्कवर बोलवायचं आणि त्याच्या बापाच्या गिरणीवर बोली लावायची, ही दोन कामं एकाच घराण्यातून झाली तर पोरानं निदान टाळ्या तरी वाजवू नयेत.

"पण रोजगार आला ना?" असं विचारणारे भेटतात. आला. आमच्याच मजल्यावरचा एक मुलगा एका मॉलच्या फाटकावर आरसा लावलेली काठी घेऊन गाड्यांच्या पोटाखाली बघत उभा असतो. बारा तास. त्याचा बाप त्याच आवारात सूत कातायच्या त्रासन खात्यात होता. बाप कायम होता, त्याला फंड होता, ग्रॅच्युइटी होती, हक्काची रजा होती, आणि मालकाशी भांडायला संघटना होती, ती वाईट असली तरी. पोरगा मॉलचा नोकर नाही. तो ठेकेदाराचा आहे, आणि ठेकेदार दर वर्षी बदलतो. मी गिरणीचं सोनं करत नाही. रोज सकाळी पास हातात धरून फाटकाशी ताटकळणारा बदलीवाला मी पाहिलाय, कापसाच्या पुंजक्यांनी भरलेली छाती घेऊन रात्रभर खोकणारे शेजारी ऐकलेत. पण त्या नोकरीवर गावी घर उभं राहायचं आणि बहिणीचं लग्न व्हायचं. या नोकरीवर वांगणीहून येण्या-जाण्याचा पास आणि मोबाईलचा हप्ता निघतो. त्याच आवारातल्या काचेच्या मजल्यांवर मोठ्या पगाराच्या नोकऱ्या आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्या नोकऱ्यांतली माणसं दुपारचं जेवण मोबाईलवरून मागवतात, आणि त्यांचा पगार आमच्या आळीतून फिरत नाही. तो वरच्या वरच निघून जातो.

आणि एवढी कचेऱ्यांची गर्दी ओतली तर रस्ते आणि पूल कुठे वाढवले? २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस माणसं चेंगरून मेली. गिरण्यांच्या काळातला अरुंद पूल आणि वर कॉर्पोरेट मुंबईची सकाळ. नवा पूल बांधायला शेवटी लष्कराला बोलवावं लागलं. नगररचना नावाचा विभाग महापालिकेत आहे हे त्या दिवशी कुणाला आठवलं नसावं. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली, चौदा जण गेले. मरणारे बहुतेक तरुण होते, आमच्यापैकी नव्हते, आणि म्हणून मला त्याचं कमी वाईट वाटतं असं कोणी समजू नये. माणसांना जागा न ठेवता फक्त चौरस फूट मोजले की जुनं-नवं, मराठी-अमराठी असा भेद मरण करत नाही. या भाड्यात नव्यांची संस्कृतीसुद्धा टिकत नाही. मथुरादास मिलच्या आवारातलं ब्लू फ्रॉग, देशोदेशीचे वादक जिथे येऊन गेले, ते २००७ ला उघडलं आणि २०१६ ला बंद पडलं. भजनी मंडळाला मोडीत काढणारी जमीन जॅझला तरी कशी पोसणार?

आता थोडं आपल्याच लोकांबद्दल. गिरणगावचे गोडवे गाणारा एक वर्ग अलीकडे तयार झालाय. यातले पुष्कळ जण डोंबिवलीला, विरारला स्थायिक झाले आणि गणपतीत लालबागला येऊन डोळे ओले करतात. चाळीत सगळे एका घरासारखे होते म्हणे. होते का? साचेखात्यात दलितांना घेत नसत. कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. दुसऱ्याच्या उष्ट्याला, त्यातून 'त्यांच्या' उष्ट्याला, सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. साचेखात्यात पगार जास्त, म्हणजे शिवाशिवीची किंमत दर महिन्याला रुपयांत मोजली जायची. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न मांडला तेव्हा लाल झेंडेवाल्यांनाही तो अडचणीचा वाटला होता. आणि बायका? खात्यांतून त्या हळूहळू कमी होत गेल्या, तेव्हा कोणत्या संघटनेनं गिरणी बंद पाडली? जयंत पवारांचं गिरणी कामगाराच्या घरावरचं नाटक 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आलं, ते मला म्हणूनच जवळचं वाटतं. त्यात कढ नाहीत. आमच्या कढ काढण्याचा फायदा बिल्डरालाच झाला. जे संपलं त्याच्यावर रडणारा माणूस जे विकलं जातंय त्याचा कागद मागत नाही.

कागदाचंच बोलायचं तर घरांचे कागद बघा. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस यांचे म्हाडाकडे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आहेत. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. त्यानंतर काही सोडती झाल्या, शेवटची मोठी २०२० मध्ये, आणि सगळं मिळून आकडा वीस हजारांच्या आतच राहिला. पनवेलजवळ कोन इथली घरं २०१६ मध्ये लागली. करोनाच्या काळात ती विलगीकरणासाठी घेतली गेली आणि ताबा वर्षानुवर्षं लांबला. नंबर लागल्याचा पेढा वाटून झाला होता, किल्ली नव्हती. मग २०२४ मध्ये सरकारनं डोकं लढवलं: शेलू आणि वांगणीला ८१ हजार घरं देतो, आणि तिथलं घर नको म्हणाल तर हक्कच संपला. वांगणी म्हणजे बदलापूरच्याही पुढे. ज्यांनी परळला आयुष्य घालवलं त्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाला सांगायचं की तुझ्या गिरणीच्या जागेवर तू फक्त सुरक्षा रक्षकाच्या परवानगीनं फिरू शकतोस, राहायला कर्जत लाईन धर. जुलै २०२५ मध्ये हीच माणसं, काठ्या टेकत, आझाद मैदानात बसली होती.

"मुंबईत जागाच कुठे आहे?" असं उत्तर मिळतं. हे उत्तर खोटं आहे आणि त्याचा पुरावा वरळीला उभा आहे. बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या, खोल्या १६० चौरस फुटांच्या. जमीन सरकारी होती म्हणून म्हाडाला तिथल्या तिथे ५०० चौरस फुटांची घरं बांधता आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. फार उशीर, पुष्कळ घोळ, तरीही तिथल्याच लोकांना तिथेच. म्हणजे होतं. जमीन सरकारच्या हातात असली आणि रहिवासी अडून बसले की होतं. गिरण्यांच्या बाबतीत २००१ साली ज्यांनी जमीन हातातून सोडली त्यांनी आज जागा नाही म्हणून हात वर करणं म्हणजे घर विकून खाल्ल्यावर पाहुण्याला 'आमच्याकडे अडचण आहे हो' म्हणण्यातला प्रकार.

राहता राहिलं संग्रहालय. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं हे वर्षानुवर्षं चाललं आहे. व्हावं. पण मला भीती आहे की ते काचेच्या पेटीतलं होईल: एक साचा, एक धोटा, पगडीतल्या मालकाचं तैलचित्र, आणि बटण दाबलं की भोंगा. तिथे एक तरी साचा रोज चालू ठेवा, त्यावर पगारी माणूस बसवा, तो शिकवेल अशी पोरं ठेवा. आणि दामोदर? पुनर्विकासासाठी ते नोव्हेंबर २०२३ पासून बंद आहे. शंभरी पार केलेलं कामगारांचं नाट्यगृह पाडताना त्याच जागी, त्याच आकाराचं, परवडणाऱ्या भाड्याचं नाट्यगृह देऊ असं लिहून द्यायला आणि ते वेळेत बांधायला नक्की काय अडतं?

जिवंत काय आहे ते बघायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला बाजारात जा. नाकाला पदर लावून बायका रांगेत असतात, हातात घरून भाजून आणलेल्या मिरचीच्या पिशव्या. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, हे प्रमाण प्रत्येकीचं वेगळं आणि त्यावरून भांडणंही वेगळी. आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून मसाला कुटणाऱ्या डंखासमोरच ठाण मांडून बसायचं. विरार, कल्याण, पनवेलहून माणसं येतात. शेजारी चिवडा गल्ली, पुढे मूर्तिकारांचे मांडव. गिरण्या गेल्या तरी हे उरलं, ते कुठल्याही योजनेत नसल्यामुळे उरलं असावं. यांना अनुदान नको, उद्घाटन नको. यांना गाळा हवा, ज्याचं भाडं शेजारच्या टॉवरच्या भावावर ठरणार नाही असा, आणि कामाला येणाऱ्या माणसाला तासाभरात पोचता येईल असं घर. अर्थकारणाला उभारी द्यायची असेल तर सुरुवात इथून होते. पण इथे फीत कापायला जागा नाही आणि मिरचीचा खकाणा उडतो, त्यामुळे मंत्री येत नाहीत.

माझं मागणं फार मोठं नाही. विकलं ते परत मिळणार नाही, हे मला कळतं. पण सगळं विकून झालेलं नाही. टाटा मिल, पोदार, इंडिया युनायटेड नंबर पाच, लालबागला भारतमाता चित्रपटगृह ज्या जागेत आहे ती इंडिया युनायटेड नंबर एक, या जमिनींचा ताबा केंद्र सरकारच्याच महामंडळाकडे आहे. उद्या यांच्याही लिलावाची जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येईल. ती वाचा. हरकत नोंदवा, सूचना लिहा, नगरसेवकाला गाठा आणि विचारा: एक तृतीयांश घरं कुठे, एक तृतीयांश मैदान कुठे, आणि दाखवायचं ते नकाशावर दाखव, भाषणात नको. मत मागायला जो येईल त्याला हाच प्रश्न, मग त्याच्या हातात झेंडा कोणताही असो. उत्तर आलं नाही तर तो कोणाचा माणूस आहे हे तुम्हाला कळेल.